फ्रेडी मर्क्युरी : एकट्याचें गाणें

मुळशी तालुक्यांतील सूस हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. सभोंवतीं उंच इमारती उठल्या आहेत. तथापि पुण्याच्या पश्चिमेकडील या खेड्यांतून सप्ताहाचें भजन अद्याप ऐकूं येतें. अशा भजनास जो बसला असेल त्यास एक गोष्ट सहज दिसते. बुवा पुढें बसून चरण उचलतात, आणि मागचे टाळकरी तोच चरण धरून परत देतात. बुवांचा आवाज चढला कीं मागच्यांचा चढतो. बुवांचा श्वास संपला कीं मागचे ओळ सांभाळतात. ऐकणारांचें लक्ष मात्र बुवांकडे असतें, आणि वाहवाहि त्यांनाच मिळते. मग एखादे दिवशीं बुवांच्या मनांत येतें कीं, या मागच्या मंडळींवांचून आपण एकट्यानेंच गाऊन पाहिलें तर काय होईल?

हा प्रश्न भजनी मंडळापुरताच आहे असें नाहीं. नाटक मंडळी, वाद्यवृंद, गायकांचा ताफा, जेथें जेथें चार गुणी माणसें एकत्र येतात आणि त्यांतील एकाचें नांव पुढें येतें, तेथें तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच. आज ज्या गायकाची हकीकत सांगावयाची आहे त्यानें तो साऱ्या जगासमोर स्वतःस विचारला; आणि त्याचें उत्तर शोधण्यास त्यास अवघीं सात वर्षें मिळालीं.

हा गायक कोणी परका नव्हे. सूस गांवाजवळून मुंबई-बंगळूर हमरस्ता जातो. त्या रस्त्यानें दक्षिणेस निघून, खंबाटकीचा घाट ओलांडून, सुरूर फाट्यापाशीं वाईच्या बाजूस वळलें आणि पसरणीचा घाट चढून गेलें, म्हणजे पांचगणी लागते. तेथील सेंट पीटर्स शाळेंत १९५५ सालीं आठ वर्षांचा एक पारशी मुलगा वसतिगृहांत राहावयास आला. त्याचें नांव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबार बेटांत. वडील तेथें इंग्रज सरकारच्या नोकरींत खजिनदार होते. घरची भाषा गुजराती, धर्म जरथुस्त्री, आणि आडनांव गुजराथेंतील बलसार गांवावरून आलेलें. हाच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें प्रसिद्धीस आला.

आठ वर्षांचें मूल आईबापांपासून समुद्रापलीकडे ठेवणें हें सोपें नव्हतें. परंतु मुलाला चांगलें शिक्षण मिळावें अशी घरच्यांची इच्छा होती. पांचगणीच्या त्या थंड हवेंत हा मुलगा पियानो शिकला, शाळेच्या समूहगानांत गाऊं लागला, आणि सोबत्यांनीं त्याचें 'फ्रेडी' असें नांव ठेवलें. बारा वर्षांच्या सुमारास शाळेंतील पांच मुलांनीं 'हेक्टिक्स' नांवाचा एक ताफा काढला. शाळेच्या समारंभांत हीं मुलें त्या काळीं गाजत असलेलीं इंग्रजी गाणीं वाजवीत. फ्रेडी पियानोवर बसे आणि मागून आवाज देई. गाण्याचा मुख्य आवाज दुसऱ्याच मुलाचा होता. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या गळ्यावर पुढें लाखो लोक लुब्ध झाले, तो महाराष्ट्राच्या मातींत असेपर्यंत बुवा नव्हता, टाळकरी होता.

शाळा सुटल्यावर तो झांजिबारला परतला. परंतु १९६४ च्या जानेवारींत तेथें क्रांति झाली, आणि जीव वांचविण्यासाठीं कुटुंबाला बेट सोडावें लागलें. लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथें लहानशा घरांत त्यांचा नवा संसार सुरू झाला. फ्रेडीनें ईलिंग येथील कलाशाळेंत शिकून १९६९ सालीं चित्रकलेची पदविका घेतली, आणि पोटासाठीं केन्सिंग्टनच्या बाजारांत कपडे विकले. १९७० सालीं गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर यांच्याशीं त्याची जोडी जमली. पुढील वर्षीं जॉन डीकन हा चौथा येऊन मिळाला. या ताफ्यास 'क्वीन' हें नांव फ्रेडीनेंच दिलें. त्याची मुद्राहि त्यानेंच रेखाटली, आणि तिच्यांत चौघांच्या जन्मराशींचीं चिन्हें गुंफलीं.

विजेच्या गिटारी, दणदणीत ताल आणि उंच आवाज यांनीं युक्त असें जें संगीत पश्चिमेकडे 'रॉक' म्हणून ओळखलें जातें, त्यांत या चौघांनीं आपली निराळी वाट पाडली. चौघेहि गीतकार होते. एकानें गाणें आणावें, आणि इतर तिघांनीं तें उलटून पालटून पाहावें, कापावें, वाढवावें, प्रसंगीं नाकारावें, अशी त्यांची रीत होती. भांडणें पुष्कळ होत. १९७५ सालीं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें फ्रेडीचें सुमारें सहा मिनिटांचें गाणें निघालें. इतकें लांब गाणें नभोवाणीवर कोण लावील, असें व्यापाऱ्यांचें म्हणणें होतें. तें ब्रिटनमध्यें सलग नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिलें. गाणें सर्वस्वीं फ्रेडीचें. परंतु त्यांतील तें प्रचंड समूहगान फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचे आवाज एकावर एक पुनःपुन्हां चढवून सिद्ध केलेलें आहे. त्याची सर्वांत मोठी कीर्ति ज्या गाण्यावर उभी आहे, त्या गाण्यांतहि मागचे सूर मित्रांचे आहेत.

असें असतां तो एकटा कां निघाला? एक तर ताफ्यांतील इतरांनीं ती वाट आधींच उघडली होती. रॉजरनें १९८१ मध्यें आणि ब्रायननें १९८३ मध्यें आपापल्या नांवानें ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या. शिवाय दहा-बारा वर्षें एकत्र काढल्यावर चौघांनाहि एकमेकांचा कंटाळा आला होता. १९८३ सालीं त्यांनीं कांहीं काळ विसांवा घेण्याचें ठरविलें. फ्रेडीच्या मनांत नृत्याच्या ठेक्यावरचीं, प्रेमाचीं, कांहींशीं हळवीं अशीं गाणीं साचलेलीं होतीं. गिटारीच्या गर्जनेंत तीं बसणारीं नव्हतीं. जर्मनींत म्युनिक शहरीं राहून त्यानें या गाण्यांस हात घातला.

पहिलें एकट्याचें गाणें १९८४ च्या सप्टेंबरांत बाहेर पडलें. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा १९२७ सालचा मूकपट जॉर्जिओ मोरोडर या संगीतकारानें नवें संगीत घालून पुन्हां दाखविला. त्यासाठीं फ्रेडीनें 'लव्ह किल्स' हें गाणें दिलें. ब्रिटनमध्यें तें दहाव्या क्रमांकापर्यंत गेलें. आरंभ बरा झाला. त्यानंतर २९ एप्रिल १९८५ रोजीं 'मिस्टर बॅड गाय' ही अकरा गाण्यांची ध्वनिमुद्रिका आली. अकराहि गाणीं त्याचीं स्वतःचीं. शब्द त्याचे, चाली त्याच्या, पियानो त्याचा. अर्पणपत्रिका मात्र आपल्या मांजराला आणि जगांतील मांजरप्रेमी लोकांना! माणसाचा विनोदी स्वभाव तींत दिसतो.

या ध्वनिमुद्रिकेचें काय झालें? ब्रिटनमध्यें ती सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. दुसऱ्या कोणास हें यश मोठें वाटलें असतें. परंतु 'क्वीन'च्या मानानें तें थोडें होतें, आणि अमेरिकेंत तर ती जवळजवळ चाललीच नाहीं. तींतील 'लिव्हिंग ऑन माय ओन', म्हणजे एकट्यानें जगण्याविषयींचें गाणें, १९८५ सालीं पन्नासाव्या क्रमांकावर अडकून पडलें. आवाजांत उणें कांहींच नव्हतें. शांतपणें ऐकलें तर कांहीं चाली अतिशय गोड आहेत. मग उणें कशांत होतें?

उणें होतें तें विरोधांत. भाड्यानें आणलेला वादक सांगितलें तेवढें वाजवितो. 'ही ओळ बरी नाहीं, काढून टाक' असें तो म्हणत नाहीं. ताफ्यांतला मित्र तसें म्हणतो, आणि म्हणून त्याचा रागहि येतो. फ्रेडीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत गोडी आहे, उत्साह आहे, पण ज्या ताणामुळें त्याचीं जुनीं गाणीं अंगावर येतात तो ताण क्वचितच आढळतो. मालकी संपूर्ण झाली, आणि त्याबरोबर कसोटी कमी झाली. हें मत कोणास कठोर वाटेल. परंतु पुढील घटना त्यास पुष्टि देतात.

त्या ध्वनिमुद्रिकेला तीन महिने पुरते झाले नव्हते, तोंच १३ जुलै १९८५ हा दिवस उजाडला. इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 'लाइव्ह एड' हा मोठा जलसा झाला. समोर सुमारें ७२ हजार माणसें. 'क्वीन'च्या वांट्यास जेमतेम वीस मिनिटें. मागें ते तिघे जुने सोबती आणि पुढें फ्रेडी. त्यानें एक लांब आलाप फेंकावा आणि ७२ हजार कंठांनीं तो जसाच्या तसा परत द्यावा, असा तो प्रसंग होता. साऱ्या मैदानाचेंच त्यानें भजनी मंडळ केलें. त्या दिवसाचा सर्वांत प्रभावी कार्यक्रम हाच, असें पुष्कळ जाणते लोक आजहि म्हणतात. ताफ्याची दुरावलेली मनें त्यानंतर पुन्हां जवळ आलीं. आणि एक गोष्ट अशी कीं, एकट्याच्या नांवावर फ्रेडीनें गांवोगांव जलशांचा दौरा कधींहि केला नाहीं.

तथापि एकट्याच्या गाण्याचा ध्यास त्यानें सोडला नाहीं. १९८७ च्या आरंभीं 'द ग्रेट प्रिटेंडर' हें १९५५ सालचें जुनें अमेरिकन गाणें त्यानें आपल्या ढंगानें म्हटलें, आणि तें चौथ्या क्रमांकापर्यंत गेलें. त्या तबकडीच्या पाठीमागच्या बाजूस एक निराळीच चीज होती. तींत शब्दच नव्हते. पियानोच्या साथीवर नुसता आवाज फिरत राहतो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यास तो आलापच वाटावा. या लहानशा चिजेनें त्याच्या आयुष्यांतलें एक मोठें दार उघडलें.

मोन्सेरात काबाये या स्पेनमधील बार्सिलोना शहरच्या थोर गायिका. युरोपांत ज्यास ऑपेरा म्हणतात, त्या संगीत नाटकाच्या रंगभूमीवर त्यांच्या तोडीचे आवाज त्या काळांत थोडेच होते. फ्रेडीनें १९८३ सालीं लंडनमध्यें त्यांचें गाणें ऐकलें, आणि तेव्हांपासून तो त्यांचा भक्तच झाला. स्पेनमधील एका मुलाखतींत त्यानें ही भक्ति बोलून दाखविली. अखेर १९८७ च्या मार्चांत बार्सिलोनाच्या एका हॉटेलांत दोघांची गांठ पडली. जाहीर सभांत लाखोंना खेळविणारा हा माणूस त्या दिवशीं परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा घाबरला होता, असें सांगतात. त्यानें तो शब्दावांचूनचा आलाप बाईंना ऐकविला. बाईंना तो इतका आवडला कीं, पुढें त्यांनीं तो स्वतः गायिला. आपल्या शहरावर एक गाणें करावें असें त्यांनीं सुचविलें, आणि त्यांतून 'बार्सिलोना' जन्मास आलें. एक गाणें पुरें होतांच बाईंनीं सबंध ध्वनिमुद्रिकाच करूं असें म्हटलें.

काम कसें झालें तें ऐकण्यासारखें आहे. माइक मोरन हा सहकारी पियानोवर बसे. फ्रेडी आपला भाग आपल्या आवाजांत गाई, आणि बाईंचा भाग बारीक, चोरट्या आवाजांत स्वतःच म्हणून दाखवी. तें मुद्रण बाईंकडे जाई. मग बाई येऊन आपल्या खऱ्या आवाजांत तो भाग गात. म्हणजे गाण्यांतली एक जागा हा गृहस्थ दुसऱ्यासाठीं राखून ठेवीत होता, आणि ती जागा आपल्यापेक्षां मोठ्या आवाजानें भरावी अशी त्याची इच्छा होती. पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत जो विरोध नव्हता तो येथें समोरच उभा होता. समोरचा आवाज इतका थोर कीं, त्यापुढें नुसत्या ठसक्यावर निभावणें शक्य नव्हतें. प्रत्येक स्वर खरा लावावा लागे.

महाराष्ट्राच्या रसिकांस येथें १९२१ च्या जुलै महिन्याची आठवण होईल. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी, बालगंधर्व आणि केशवराव भोंसले, टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस एकाच रंगभूमीवर आले आणि 'संयुक्त मानापमान' झालें. एरव्हीं दोघेहि आपापल्या घरचे राजे. परंतु समोर तुल्यबळ गळा आल्यावर त्या रात्रीं दोघांच्याहि गाण्यास जी धार आली तिच्या कथा घरोघर सांगितल्या गेल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव गेले. फ्रेडीच्या बाबतींतहि काळ असाच टपून बसला होता.

१९८७ मध्येंच त्यास एड्स या रोगाची बाधा असल्याचें निदान झालें. त्या वेळीं या रोगावर परिणामकारक इलाज नव्हता, आणि रोग्याकडे समाज तिरस्कारानें पाही. फ्रेडीनें ही गोष्ट निकटच्या माणसांपलीकडे जाऊं दिली नाहीं. 'बार्सिलोना'ची सारी ध्वनिमुद्रिका या छायेखालीं झाली आहे. ऑक्टोबर १९८७ मध्यें तें पहिलें गाणें निघालें आणि आठव्या क्रमांकापर्यंत पोंचलें. ८ ऑक्टोबर १९८८ रोजीं, बार्सिलोनांत ऑलिंपिकचा ध्वज आल्याच्या उत्सवांत, स्पेनच्या राजाराणींसमोर दोघें रंगमंचावर उभीं राहिलीं. त्याच महिन्यांत आठ गाण्यांची ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. इंग्रजी, स्पॅनिश, इतकेंच काय पण जपानी भाषेचेहि शब्द तींत आहेत. रॉकचा गायक आणि ऑपेराची गायिका यांचा हा मिलाफ कांहीं पंडितांना रुचला नाहीं. परंतु त्यानंतर तशीं जोडगाणीं करणारे पुष्कळ निघाले. एकट्याच्या म्हणून चाललेल्या त्या वाटचालींतील सर्वांत टिकाऊ काम हें असें दोघांचें आहे.

ताफ्याकडे तो परतला तो निराळा होऊन. १९८९ सालच्या 'द मिरॅकल' या ध्वनिमुद्रिकेपासून चौघांनीं असें ठरविलें कीं, गाणें कोणीहि लिहो, त्यावर एकट्याचें नांव घालावयाचें नाहीं. सर्व गाणीं 'क्वीन'चीं. पूर्वीं ज्या श्रेयावरून आणि त्याबरोबर येणाऱ्या पैशावरून भांडणें होत, त्याचा असा निकाल लागला. ज्यानें आपल्या एकट्याच्या नांवाची अकरा गाणीं करून पाहिलीं होतीं, त्यानें आपलें नांव समूहांत विरघळूं दिलें.

प्रकृति ढांसळत गेली, तसतसा त्याचा कामाचा हव्यास वाढत गेला. १९९१ च्या मे महिन्यांत, स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो गांवीं, उभें राहणेंहि कठीण असतां तो गात होता. माझा आवाज घेऊन ठेवा, बाकीचें मागाहून पुरें करा, असें तो सोबत्यांना सांगे. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें आपल्या रोगाची वार्ता जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशीं लंडनच्या घरीं त्याचें निधन झालें. वय अवघें ४५. जरथुस्त्री धर्मगुरूंच्या मंत्रपाठांत त्याचा अंत्यविधि झाला. ही वार्ता त्यानें आधीं सांगितली असती तर इतर रोग्यांना धीर आला असता, असा आक्षेप कांहींनीं घेतला. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मरणाच्या दारीं असलेल्या माणसाकडून धैर्याचा हप्ता मागणें कितपत न्याय्य, हाहि विचार केला पाहिजे. सोबत्यांनीं २० एप्रिल १९९२ रोजीं वेम्ब्लीवर स्मृतिजलसा केला, आणि एड्सनिवारणासाठीं त्याच्या नांवें एक निधि उभारला. त्याच उन्हाळ्यांत बार्सिलोनांत ऑलिंपिक सामने भरले, आणि तें गाणें पुन्हां निघून ब्रिटनमध्यें दुसऱ्या क्रमांकावर गेलें. 'लिव्हिंग ऑन माय ओन' हें पन्नासाव्या क्रमांकावर रखडलेलें गाणें १९९३ सालीं नव्या ठेक्यावर बसविलें गेलें, आणि पहिल्या क्रमांकावर गेलें. ज्यानें तें गायिलें तो तें पाहण्यास नव्हता.

१९९५ सालीं उरलेल्या तिघांनीं 'मेड इन हेवन' ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत 'मिस्टर बॅड गाय' मधील दोन गाणीं आहेत. फ्रेडीचा आवाज दहा वर्षांपूर्वींचा, त्याच्या एकटेपणाच्या काळांतला. त्यामागें गिटार, ढोल आणि साथीचे सूर मात्र तिघांनीं नव्यानें भरलेले. एकट्याचें गाणें अशा रीतीनें घरीं परत आलें. याच संग्रहांत मॉन्त्रो येथें फ्रेडीनें गायिलेलें शेवटचें गाणें, 'मदर लव्ह', आहे. त्याचें शेवटचें कडवें गाण्यास त्याच्यांत बळ उरलें नाहीं. तें कडवें ब्रायन मे यानें गायिलें आहे.

बुवांचा श्वास संपला, आणि मागच्यांनीं ओळ सांभाळली.

एकट्यानें गाऊन पाहणें यांत गैर कांहींच नाहीं. तसें केल्यावांचून आपला आवाज किती आणि सोबत्यांचा किती, हें गाणाराला कळत नाहीं. फ्रेडी मर्क्युरीनें तें करून पाहिलें, पडता काळ पाहिला, आणि जें उमगलें तें मनांत राग न धरतां आचरणांत आणलें. पांचगणीच्या शाळेंत दुसऱ्याच्या गाण्याला मागून सूर देणारा तो मुलगा जगाच्या चव्हाट्यावर बुवा होऊन बसला. परंतु मागच्या सुरांचें मोल तो विसरला नाहीं, आणि मागच्यांनींहि त्यास अखेरपर्यंत अंतर दिलें नाहीं.